मनोरी ते चौक, वाटाड्याशिवाय: एका फसलेल्या पायी सहलीचं प्रकरण

मालाडहून मार्वेला जायचं, फेरीबोटीत बसायचं आणि काही मिनिटांत खाडी ओलांडून मनोरीला उतरायचं. बोटीत आपल्या शेजारी मोटारसायकली, पाट्या घेतलेल्या बायका आणि शाळेची मुलं असतात. पलीकडे पाय टेकला की मुंबई मागे पडते, आणि तरीही आपण महापालिकेच्या हद्दीतच असतो. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला मनोरी-गोराईची खाडी, उत्तरेला वसईची खाडी आणि फक्त भाईंदरच्या अंगाला जमिनीशी सांधा, असा हा द्वीपकल्पाचा लांबट पट्टा आहे. जुनी माणसं त्याला धारावी बेट म्हणतात. माहीमजवळच्या धारावीशी त्याचा काही संबंध नाही. मनोरी आणि गोराई मुंबईत येतात, तर पुढची उत्तन, पाली, डोंगरी, चौक ही गावं मीरा-भाईंदरमध्ये.

या पट्ट्याच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत दोन दिवसांत चालत जायचं, असं आम्ही चौघांनी ठरवलं. मी, माझा नवरा, कॉलेजात शिकणारा भाचा आणि अडुसष्ट वर्षांची माझी मावशी. आम्ही दहिसरला राहतो आणि गोराईला वर्षातून एकदा तरी जातो, त्यामुळे किनारा ओळखीचा आहे असं आम्ही धरून चाललो होतो. पहिल्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास गोराईच्या पुढच्या खडकांवर आम्ही अडकलो, मावशीच्या तळहाताला खोल जखम झाली आणि सहल अर्धी सोडावी लागली. का अडकलो, आणि पुढच्या खेपेला काय बदललं, ते इथे तपशिलाने लिहिते आहे. हिवाळ्यात याच वाटेने जाणारे पुष्कळ लोक दिसतात, आणि त्यातले बरेच जण आम्ही केलं तेच करतात.

नमुना तिकडचा, किनारा इकडचा

कल्पना भाच्याची. परदेशात अशा सहली जुन्या झाल्या आहेत. तुम्हाला नकाशा आणि वाटेचं टिपण मिळतं, मुक्कामाच्या खोल्या आधी ठरलेल्या असतात, तुमची मोठी बॅग गाडीने पुढच्या मुक्कामाला जाते आणि तुम्ही पाठीवर हलकी पिशवी घेऊन आपल्या चालीने चालता. बरोबर कोणी वाटाड्या नसतो. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला वळसा घालणारी अशी किनारवाट हजार किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्यावर ओकच्या फळाची खूण जागोजागी लावलेली असते. आयर्लंडच्या डिंगल द्वीपकल्पालाही अशीच वाट फेरी घालते.

आम्ही हा नमुना जसाच्या तसा उचलला. उत्तनला एका घरात खोली ठरवली. मनोरीच्या जेट्टीवरूनच बॅगा रिक्षाने तिकडे पाठवून द्यायच्या, आणि किनाऱ्याने आपण चालत जायचं. मनोरीचा किनारा, पुढे गोराईचा, मग उत्तन, सगळं मिळून बारा-तेरा किलोमीटर. दुसऱ्या दिवशी उत्तनहून चौक, तिथला किल्ला, आणि भाईंदरला परत.

कागदावर हे बिनचूक दिसत होतं. चूक झाली ती इथे, आणि ती कोणाच्याच लक्षात आली नाही. तिकडची वाट बहुतेक ठिकाणी कड्याच्या माथ्यावरून जाते, म्हणून पाणी कितीही चढलं तरी पायाखालची वाट वाटच राहते. आमच्याकडे अशी आखलेली वाट नाहीच. आमची वाट म्हणजे ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू आणि तिच्यामधले खडक. ती दिवसातून दोनदा असते आणि दोनदा नसते. किलोमीटर मोजताना आम्ही जी वाट मोजत होतो, ती दुपारी तीनला तिथे असणारच नव्हती.

संकष्टीचा शनिवार

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी होती. मावशीला संकष्टीचा उपास, म्हणून खिचडीचा डबा आणि केळी बरोबर होती. तिथी सगळ्यांना ठाऊक होती. रात्री चंद्रोदय किती वाजता, हेही नवऱ्याने बघून ठेवलं होतं.

भरतीचा तक्तासुद्धा बघितला होता, हे मुद्दाम सांगते, कारण आम्ही अगदीच बेफिकीर निघालो नव्हतो. सकाळी नऊच्या आसपास ओहोटी, दुपारी तीनला भरती, आणि दोन्हींमध्ये तीन मीटरहून थोडा जास्त फरक. आम्ही त्यातून एवढंच घेतलं की भरती तीनला आहे, म्हणजे दोनपर्यंत गोराईच्या पुढे निघून गेलं की झालं.

समुद्र असा सरळ हिशेबाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. दर्यावर्दी लोकांचा हा जुना ढोबळ नियम आहे. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. आमच्या दिवशी ते दोन तास होते अकरा ते एक, आणि येणारं पाणी दीड मीटरहून जास्त, मावशीच्या खांद्याच्याही वर जाईल एवढं. सकाळी दहाला किनारा शांत दिसतो, पाणी लांब असतं, आणि ते जागेवरच आहे असं वाटत राहतं.

मनोरीत उतरल्यावर बॅगा रिक्षात घातल्या. त्यातच पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणि मावशीच्या गुडघ्याची पट्टी गेली. वजन हलकं करण्याच्या नादात हे झालं. ठेवायच्या वस्तू कोणत्या आणि पाठवायच्या कोणत्या, याची यादीच आम्ही केली नव्हती. गावठाणातून जाताना वेळ गेला, आणि त्या वेळेबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही. उतरत्या कौलांची घरं, व्हरांड्यातली लाकडी बाकं, कोपऱ्या-कोपऱ्यावर ताज्या फुलांचा हार घातलेले क्रूस. इथले बरेच लोक ईस्ट इंडियन, म्हणजे या भागातले मूळचे कॅथलिक ख्रिस्ती. घरात मराठीच बोलतात. ईस्ट इंडियन हे नाव मात्र त्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, १८८७ मध्ये घेतलं. एका घरी फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळत होते. भाच्याने डझनभर घेतले आणि उपासाच्या मावशीसमोर खायला लाजला, तेव्हा तिनेच त्याला दटावून खायला लावलं. वाळूवर पाय टेकला तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

मनोरीचा किनारा चालायला फार चांगला आहे. ओली वाळू घट्ट असते, पाऊल रुतत नाही. मधूनमधून खडक लागतात, आणि ते सह्याद्रीतल्यासारखे काळेभोर नसतात, फिकट असतात. दख्खनचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मनोरी-गोराई-उत्तनचे हे ट्रॅकाइट आणि रायोलाइट जातीचे खडक त्यानंतरचे, सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वीचे. दख्खनच्या ज्वालामुखीची ही शेवटची पानं आहेत. भाचा भूगोलाचा विद्यार्थी, तो तिथे रमला. आम्हीही थांबलो.

त्या खडकांवरच सव्वाअकराच्या सुमाराला पाच-सहा बायका भेटल्या. कालवं फोडून झालेली, पाट्या भरलेल्या, कोयत्या कमरेला खोचलेल्या. त्या किनाऱ्याकडे परत निघाल्या होत्या. आम्ही हसलो, त्याही हसल्या. त्यांतली एक जण "लवकर जावा" असं म्हणाली. आम्हाला वाटलं, ऊन वाढतंय म्हणून म्हणाली असेल.

या सगळ्या प्रकरणातला कळीचा क्षण मी हाच मानते. कालवांच्या खडकावरची बाई ओहोटीने जाते आणि पाणी फिरलं की उठते. तिचं निघणं हाच तिथला भोंगा आहे. आम्ही तो समोर उभं राहून ऐकला आणि पुढे गेलो.

गोराईच्या किनाऱ्यावर बाराला पोचलो. घोडागाड्या, शहाळी, शनिवारची गर्दी. पाणी तोवर बरंच वर आलं होतं, ओली वाळू अरुंद झाली होती, आणि कोरड्या वाळूतून चालताना आमचा वेग निम्म्यावर आला. इथे रस्त्यावर चढता आलं असतं. रस्ता हाताशी होता. नवरा म्हणालाही, "वरून जाऊ या का?" भाचा म्हणाला, "काका, मग किनाऱ्याने आलो असं कसं म्हणायचं?" मी भाच्याची बाजू घेतली. हे माझं.

साडेबाराला उत्तर टोकाच्या खडकांत शिरलो. पहिली वीस मिनिटं बरी गेली. मग पुढच्या वळणाखाली पाणी थेट दगडाला लागलेलं दिसलं. मागे वळलो, तर आम्ही नुकताच ओलांडलेला पन्हळ भरून वाहत होता. लाट मोठी नव्हती, पण जागा कमी होत होती. मावशीचा पाय शेवाळावरून घसरला, तिने आधाराला हात टेकला तो कालवांच्या धारेवर. तळहात उभा चिरला.

वरच्या बाजूला वाडीच्या कुंपणाशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी हाका मारल्या, हाताने खूण केली आणि ताडांच्या मधून उतरणारी एक पायवाट दाखवली. खालून ती आम्हाला दिसलीच नव्हती. स्वतः निम्म्यापर्यंत उतरून त्यांनी मावशीचा दुसरा हात धरला. घरात नेऊन जखमेवर कळशीभर पाणी ओतलं. कालवाची जखम वरून लहान दिसली तरी तिच्यात वाळू आणि शिंपल्याची कपची राहते, म्हणून ती भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी लागते. आमच्याजवळ तेव्हा अर्धी बाटली उरली होती. बाकीचं पाणी रिक्षाने उत्तनला पोचलेलं.

पुढचं अंतर रिक्षाने. मावशीला आधी दवाखान्यात नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि तीन टाके. मग खोलीवर.

तिथीचा पाऊणपट

उत्तनच्या घरमालकीणबाईंना आम्ही आंटी म्हणत होतो. त्यांच्या घरात रात्रीचं जेवण तयार होतं, पण संकष्टीचा चंद्र अजून उगवायचा होता. मावशी म्हणाली, तुम्ही सगळे जेवून घ्या. आंटींनी ऐकलं नाही. "तुमचा देव जेवल्याशिवाय आम्ही कशे जेवू?" म्हणाल्या, आणि सगळे अंगणात बसलो. समोर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. जोडीजोडीने, एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगलेले. जून आणि जुलै मासेमारी बंद. त्यानंतर बोटी निघाल्या आणि उन्हं पडली की पावसाळ्यापर्यंत हे बोंबील हेच गावाचं अंगण असतं.

आंटींनी दुपारची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला. "आज चौथ ना तुमची?"

"हो, म्हणून तर उपास."

"मग चौथीला तीनला भरती. हे शाळेत नाय शिकवत काय?"

हिशेब त्यांनी बोटांवर करून दाखवला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे येईल त्या वाजता भरती, दिवसा आणि रात्री दोन्ही. चौथ, म्हणजे चाराचे पाऊणपट तीन. अष्टमीला सहा. द्वितीयेला दीड. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना तोच हिशेब. ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो आणि पाणी त्याच्या मागोमाग येतं, एवढंच त्यामागचं गणित आहे. नवऱ्याने नंतर महिनाभराच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिलं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक कधी कधी पडतो, मुंबईसारख्या ठिकाणी एवढं चालतं. पाणी किती चढेल हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी तक्ताच हवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप आत जातं आणि खूप वर येतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्हीकडे कमी.

मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, चाळीस वर्षं चतुर्थ्या धरतेय मी. चंद्र बघितला, समुद्र कधी बघितला नाही."

तिथी आमच्या घरातच होती. उपासासाठी मोजलेली, वाटेसाठी न मोजलेली. चंद्र नऊनंतर वर आला तेव्हा आंटींनीच मावशीला अर्घ्याला तांब्या आणून दिला.

रविवारी सकाळी आंटी चर्चमध्ये मिस्साला गेल्या आणि आम्ही, मावशीला घरी ठेवून, गल्ल्यांमधून चौकला गेलो. किनारा सोडून दिला. तिथे धारावी किल्ल्याचे थोडे अवशेष उरले आहेत, पण त्याची जागा बघितली की तो का महत्त्वाचा होता ते न सांगता कळतं. समोर वसईची खाडी, पलीकडे वसईचा किल्ला. खाडीच्या तोंडावर नजर ठेवायची तर इथूनच. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत आधी हा किल्ला घ्यावा लागला आणि मग मे १७३९ मध्ये वसई पडली. भाच्याला मी तिथे उभं करून हे सांगितलं. त्याने विचारलं, वेढ्यात होड्या आणताना त्यांनीही पाण्याची वेळ बघितली असेल ना. मला त्याचं उत्तर ठाऊक नाही, पण प्रश्न आवडला.

परत भाईंदरला चालत जायचं ठरलं होतं, राई-मुर्धे मार्गे. ते रद्द केलं. तो रस्ता अरुंद, रविवारी गाड्यांची रांग, आणि बऱ्याच ठिकाणी पायी माणसाला जागाच नाही. बसने आलो. या प्रकरणातला हा आमचा सर्वांत शहाणा निर्णय, आणि तो आदल्या दिवशीच्या भीतीतून आला होता.

दुसऱ्या खेपेला

मावशीचा हात बरा झाल्यावर तिनेच विषय काढला. आता दिवस रविवार-शनिवार बघून नाही, तिथी बघून निवडायचा होता. आम्हाला हवी होती ती सकाळी साडेसात-आठची ओहोटी. म्हणजे उन्हाच्या आत, घट्ट वाळूवर, मागे पाण्याचा दाब नसताना चालता येतं. साडेसातला ओहोटी तर दीडला भरती, दीड म्हणजे दोनाचे पाऊणपट. द्वितीया. अष्टमीचा दिवस यासाठी वाईट. तेव्हा भर दुपारी बाराला ओहोटी असते. सुदैवाने माघ वद्य द्वितीया रविवारी आली.

पाण्याच्या बाटल्या, पट्टी, औषधं अंगावर ठेवली. रिक्षाने गेली ती फक्त कपड्यांची बॅग. मावशीच्या हातात काठी आणि पायात जुने, तळ खरबरीत असलेले बूट. गावठाणातलं रेंगाळणं परतीवर ठेवलं. सव्वासातला वाळूवर होतो. दोन तास आमच्याच आणि कोळ्यांच्या पावलांचा किनारा होता. पाणी इतकं आत गेलं होतं की नेहमी न दिसणारे खडक उघडे पडले होते, त्यांच्या डबक्यांत मासोळ्या अडकलेल्या, आणि पूर्वेला, खाडीच्या अंगाला, सोनेरी घुमट, गोराईचा विपश्यना पॅगोडा, सकाळच्या उन्हात. २००९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आत एकही खांब नाही आणि हजारो साधक एका वेळी बसतात. भाच्याने मागच्या खेपेला तो नीट पाहिलाच नव्हता. तेव्हा आम्ही सगळे खाली बघून चालत होतो.

गोराईच्या उत्तर टोकाला सव्वानऊला आलो. खडकांवर बायका अजून होत्या. आम्ही थोडं थांबून बघितलं. एक जण उठली, पदर झाडला, पाटी डोक्यावर घेतली. मग दुसरी.

नवऱ्याने घड्याळ बघितलं. ओहोटी होऊन पावणेदोन तास झाले होते, आणि पुढचा पट्टा पार करायला आम्हाला चाळीस मिनिटं तरी लागणार. म्हणजे आम्ही खडकांच्या मधोमध असताना तिसरा तास सुरू होणार. भाचा काही बोलायच्या आत मावशी वळली आणि रस्त्याकडे चालू लागली. रस्त्याने केशवसृष्टीवरून उत्तनला गेलो. किनारा तिथे दिसत नाही, गाड्यांचा आवाज असतो, चालण्यात मजा नाही. पण अकराला आंटींच्या अंगणात होतो. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं सुकं तयार होतं. या वेळी मावशीला उपास नव्हता.

म्हणजे गोराई ते उत्तन हा खडकांचा तुकडा आमचा अजून राहिलाच आहे. दहिसरहून निघून तो जमत नाही, हे आता कळलं. त्यासाठी आदल्या रात्री गोराईतच मुक्काम करायला हवा आणि ओहोटीच्या आधी तासभर, बायका उतरतात तेव्हा त्यांच्याबरोबर उतरायला हवं. घरी आल्यावर मावशीने कालनिर्णयाचं पुढचं पान उलटलं. फाल्गुन वद्य द्वितीया धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी येते, कामाच्या वारी. भाच्याची परीक्षा आहे, नवऱ्याला सुट्टी नाही. मावशीने त्या चौकोनाला पेनने गोल केला आणि मला विचारलं, "आपण दोघीच गेलो तर चालेल ना गं?"